सुताराच्या लेकीचं दार

पाणी घेऊन ती परतली तेव्हा दारातलं गोणपाट एकाच खिळ्यावर लोंबत होतं आणि आत चुलीपाशी तिची दुभती शेळी अर्धीच उरली होती. दोन कुत्री तिच्या पायांजवळून बाहेर पडली. घाई नाही, गडबड नाही, जेवण उरकून पाहुण्यांनी निघावं तशी जिभा फिरवत गेली. डोक्यावरचा हंडा तिने उतरवला नाही, टाकला. पत्र्याच्या पेटीमागे करडू अंग चोरून उभं होतं, ते तेवढं वाचलं होतं.

ती रडली नाही. रडायला ज्यांना वेळ असतो त्यांनी रडावं. तिने गोणपाट ओढून काढलं, खाली अंथरलं, शेळी त्यावर घेतली आणि टोकं मुठीत धरून टेकडीची वाट धरली. वारा समोरून येत होता. थंडी पडल्यापासून हा वारा टेकडीवरून सुटला की थेट तिच्या घरात शिरे, कारण वाटेत त्याला अडवणारं काही नव्हतं. घराला दार नव्हतं. दार वर होतं, नवऱ्याच्या किल्ल्यात.

किल्ला म्हणजे खरोखरचा किल्ला. उघड्या खडकावर, जिथे गवतसुद्धा नाइलाजाने उगवतं, तिथे त्याने दोन बुरूज उभे केले होते. बुरुजांना जोडणारी भिंत, भिंतीला बाणांसाठी झरोके, आणि उंच बुरुजावर रस्त्याकडे तोंड करून एका दगडाचं घडवलेलं सिंहासन. संध्याकाळी काम थांबलं की तो त्यावर जाऊन बसे आणि ज्या रस्त्याने कुणी राजा आयुष्यात जाणार नव्हता त्या रस्त्याकडे बघत राही. छप्पर मात्र कुठेच नव्हतं. खाली बायकोच्या घराला दार नाही आणि वर किल्ल्याला छप्पर नाही, असा तो संसार होता.

गाव त्याला किल्लेदार म्हणे, आणि ते मागे नव्हे, तोंडावर. तिला किल्लेदारीण म्हणत. हे नाव तिला शिवीसारखं झोंबे. ती स्वतःला सुताराची लेक समजत आली होती. लग्नाला जन्म उलटला, केस पिकले, पण ही ओळख तिने सोडली नव्हती.

भिंतीखाली येऊन तिने गोणपाट सोडलं.

"उतरा खाली."

तो परांचीवर उकिडवा बसून दगडांच्या सांध्यांत चुना भरत होता. त्याने मान वळवली नाही. "चुना कालवलाय. वाळून जाईल."

"वाळू दे. तुमच्या राज्यात मयत झालीय."

तेव्हा त्याने पाहिलं. हातातली थापी तशीच राहिली. "कुत्र्यांनी केलं?"

"नाही, शत्रूच्या सैन्याने. मला माझं दार पाहिजे."

"कमान अजून बसतेय."

"उन्हाळ्यापासून बसतेच आहे. एवढ्या वेळात कोंबडीची तीन वेळा पिल्लं निघाली असती."

"दगडाचं काम आहे. घाई करून चालत नाही."

"शेळी घाईत गेली," ती म्हणाली, आणि शेळी तिथेच ठेवून खाली उतरली. पुरायचं कामही तिने त्याच्यावरच टाकलं. राजाने करावीत अशी कामं थोडी असतात, त्यातलं हे एक.

*

दाराची गोष्ट अशी होती.

कमान बांधायची तर दोन्ही बाजूंनी दगड वर चढवत आणायचे आणि मध्यावर कळीचा दगड बसवायचा. तो बसेपर्यंत सगळ्या दगडांना खालून आधार द्यावा लागतो. वाकड्या फांद्या जोडून त्याने कमानीच्या आकाराचा सांगाडा केला होता, पण त्या सांगाड्याला खालून पेलून धरेल असं खंबीर लाकूड त्याच्याकडे नव्हतं. आजूबाजूला तसलं लाकूड एकच होतं, आणि ते त्याच्या घराला लावलेलं होतं.

तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या बापाने लेकीच्या घराला दार करून दिलं होतं. चौकट आणि दोन कवाडं. खिळा एक नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. त्या कवाडाला एका बोटाने ढकललं तरी ते उघडे आणि उघडताना आवाज करत नसे. डाव्या कवाडाच्या खालच्या कोपऱ्यात, वीतभर उंचीवर, एक शेळी कोरलेली होती. ती शेळी तिची स्वतःची. लग्नाआधी दार बापाच्या अंगणात तयार होत होतं तेव्हा तिने हट्ट करून पटाशी हातात घेतली होती. शेळीला पाच पाय झाले. ती खट्टू झाली तेव्हा बाप हसून म्हणाला होता, "असू दे. एखादा मोडला तर कामाला येईल." नंतर त्याने तिला पुन्हा पटाशी दिली नाही. पोरीच्या जातीला काय करायचीय पटाशी, असं आई म्हणाली होती.

उन्हाळ्यात नवऱ्याने दार मागितलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. तो रोज मागत राहिला. मागण्याची त्याची पद्धत म्हणजे जेवताना दाराकडे बघत राहायचं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "न्या. पण कापायचं नाही. केसभरसुद्धा नाही. भोक पाडायचं नाही, खिळा मारायचा नाही. आणि थंडीच्या आत जसंच्या तसं परत."

त्याने चौकटीवर हात ठेवून कबूल केलं. आयुष्यभर लोकांची घरं बांधली त्याने, पण शब्द असा क्वचितच दिला होता.

दार नेलं त्या दिवसापासून तिने किल्ल्याच्या कमानीकडे पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाचं गाठोडं भिंतीच्या खालच्या टोकाला ठेवायची आणि मागे फिरायची. बोलणं झालंच तर भिंतीच्या वरून खाली आणि खालून वर.

*

दुपारी ती दळण घेऊन गिरणीत गेली. गिरणीवाला पीठ उडवत हसला. त्याच्या ओट्यावर नेहमीची चार माणसं बसली होती, ज्यांना कामं नव्हती आणि असली तरी त्यांनी केली नसती.

"काय किल्लेदारीणबाई, वेशीचा दरवाजा उघडा ठेवून झोपता म्हणे."

तिने डबा पुढे केला.

"राजाचा दराराच एवढा आहे," ओट्यावरचा एक जण म्हणाला, "कुत्र्यांशिवाय कुणाची आत यायची टाप नाही."

हसू उठलं. तिने तेही गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तिला तो पाठ झाला होता. पण गिरणीवाला थांबेना. पट्टा चढवता चढवता म्हणाला, "वहिनी, तुमच्या भल्याचं सांगतो. ती कमान काही तो सोडवत नाही. आतला आधार काढला की दगड खाली येणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, बसतेय, बसतेय. नाचता येईना अंगण वाकडं. तुमचं दार गेलं म्हणून समजा."

"तुमच्या गिरणीची भिंत कुणी बांधली?" तिने विचारलं.

गिरणीवाला पट्ट्याकडे वळला, कारण ती किल्लेदारानेच बांधली होती आणि त्याच भिंतीला टेकून ती चार माणसं बसली होती. पण तिलाही हे विचारून बरं वाटलं नाही. नवऱ्याची बाजू आपल्या तोंडून निघाली याचाच तिला राग आला. पीठ घेऊन घरी येताना मात्र गिरणीवाल्याचं बोलणं चपलेत खडा राहावा तसं टोचत राहिलं.

घरी येऊन तिने उघड्या चौकोनाकडे पाहिलं. भिंतीला जिथून चौकट उपटली होती तिथे माती ढासळत होती. रात्री पुन्हा कुत्री येणार, आता करडासाठी. तिने थोडा वेळ विचार केला आणि मग चूल उचलली. लोखंडाची, उचलता येण्यासारखी होती. दोन खेपांत तिने भांडी, अंथरूण, पिठाचा डबा आणि करडू एवढं वर नेलं, आणि कमानीच्या पुढ्यात, आपल्या दारासमोर मांडलं.

तो परांचीवरून उतरून आला. "हे काय?"

"जिथं माझं दार तिथं माझं घर."

"इथं वारा लागेल."

"खाली लागत नव्हता वाटतं."

तो उभा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. चोरी केलेलं पोर जसं लपवलेल्या जागेकडे बघत नाही तसं. त्या क्षणी ते तिच्या लक्षात आलं नाही.

*

सकाळी चहा उकळत असताना तिने सवयीने कवाडाला बोट लावलं. कवाड हललं नाही. तिने हात लावला. मग खांदा लावला. भिंतीला ढकलावं तसं वाटलं.

ती खाली बसली आणि दार नीट पाहिलं, बापाने शिकवलं होतं तसं, खालून वर. चौकटीचे दोन्ही खांब थेट काळ्या खडकावर टेकलेले. वरची पट्टी सांगाड्याच्या ओझ्याने किंचित खाली वाकलेली, आणि तिने दोन्ही कवाडं दाबून धरलेली. कमानीचा सगळा भार तिच्या बापाच्या दारावर उतरला होता. आणि खांबाखाली जे असायला हवं होतं ते कुठेच नव्हतं.

पाचरी नव्हत्या.

आधाराच्या लाकडाखाली पाचरी घालतात, जोडीने, एकीवर एक. काम झालं की हातोड्याने त्या हळूहळू मोकळ्या करायच्या, आधार बोटभर खाली येतो आणि अलगद निघतो. हे सुताराच्या घरात कुत्र्यामांजरालाही कळतं. गवंड्याला तर कळतंच. खांबांच्या बुंध्याशी खडकावर छिन्नीचे ताजे पांढरे व्रण होते. कुणीतरी दाराखालचा खडक फोडून बघितला होता आणि अर्ध्यावर सोडून दिला होता.

तो मागे येऊन उभा होता. तिने वळून न बघता विचारलं, "पाचरी कुठायत?"

तो छिन्नीच्या व्रणांकडे बघत होता.

"कुठायत पाचरी?"

"बसत नव्हत्या," तो म्हणाला. "दाराची उंची आणि कमानीची उंची बरोबर एक झाली. चार बोटं खालून कापलं असतं तर पाचरी बसल्या असत्या."

"मग?"

"तू म्हणाली होतीस, केसभर कापायचं नाही."

चहा उतू गेला. तिने तो जाऊ दिला.

"मला वाटलं खडक फोडता येईल मागाहून," तो सांगू लागला. एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "पण घाव घातला की वरून कच पडते. दोनदा करून बघितलं. कमान उतरवायची म्हटली तर एक दगड काढला की बाकीचे सगळे दारावर येतील. वरचा सांगाडा कापायचा तर शिडी लावून कमानीच्या पोटात डोकं घालायला लागेल."

"म्हणजे दार जाणार."

"खालून कापलं तर जाणार नाही. बाहेर आडवं पडून करवत आत घालता येईल. पण ते तू म्हणाली होतीस…"

"मी काय म्हणाले होते ते मला ठाऊक आहे."

तिला त्याचा गळा धरावासा वाटला. उन्हाळ्यापासून हा माणूस रोज तिच्या हातचं जेवला आणि तिला खोटं सांगत राहिला, आणि का, तर तिला दिलेला शब्द मोडू नये म्हणून. लबाडी केली असती तर शिव्या देता आल्या असत्या. दार कापून आणून दिलं असतं तर डोकं आपटून घेता आलं असतं. शब्द पाळून माणसाने एवढं नुकसान करावं, याला काय म्हणायचं ते तिला सुचेना.

"तुम्हाला विचारता येत नव्हतं?"

"काय विचारणार? दिलेला शब्द परत कर म्हणून?" तो म्हणाला आणि परांचीवर चढून गेला.

*

तिसऱ्या दिवशी मुलगा आला. तो शहरात ट्रक चालवत असे. गिरणीवाल्याने त्याला फोन करून कळवलं होतं की तुझी आई टेकडीवर उघड्यावर राहते, गावाची मान खाली गेली. गावाची मान खाली गेली म्हणजे गावाला बघायला काहीतरी मिळालं होतं.

मुलाने ट्रक पायथ्याशी उभा केला, जाड दोर खांद्यावर टाकला आणि वर आला. आईची चूल बघून त्याचा जबडा आवळला.

"बाबा, बाजूला व्हा."

"काय करतोस?"

"सांगाड्याला दोर बांधतो, ट्रकला अडकवतो. एका हिसक्यात सगळं खाली. दगडही खाली आणि तुमचं खूळही खाली."

"हात लावायचा नाही."

"लहानपणापासून ऐकतोय, हात लावायचा नाही. शाळेत मला किल्लेदाराचा राजपुत्र म्हणायचे, ठाऊक आहे? माझ्या लग्नात सासऱ्याने विचारलं, वडील बरे आहेत ना डोक्याने. मी काय उत्तर दिलं असेल?"

म्हातारा कमानीखाली जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला, हात पसरून. त्याच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या. मुलगा दोर घेऊन पुढे झाला. बापाच्या खांद्याला धरून त्याने त्याला बाजूला लोटलं. जोर फार नव्हता, पण म्हातारा हलका झाला होता, तो दोन पावलं गेला आणि गुडघ्यावर पडला.

बापाला लोटल्यावर मुलगाही क्षणभर थांबला. मग तो दोर वर फेकायला लागला.

"खाली ठेव दोर," ती म्हणाली.

"आई, तू यात पडू नकोस. तुझ्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी करतोस तर ऐक. ते दगड पडतील ते माझ्या दारावर पडतील. दार माझं आहे. त्याला कुणी हिसका द्यायचा नाही, तू नाही आणि तुझ्या बापानेही नाही."

"दार, दार. काय आहे त्या दारात? शहरातून नवं आणून देतो."

"नवं माझ्या बापाने केलेलं असेल का?"

मुलाने दोर टाकला. खूळ एकाच बाजूला नाही हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण तो हसला, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "दोघंही सारखेच आहात," तो म्हणाला.

ती म्हाताऱ्याकडे वळली. तो उठून गुडघे झाडत होता. तिला एक जुनी गोष्ट आठवली, नको असताना. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने गावच्या जमीनमालकाच्या बंगल्याची कमान बांधली होती. गावात तशी कमान कुणी पाहिली नव्हती. बंगला उघडला त्या दिवशी धुतलेले कपडे घालून तो जेवायला गेला तर रखवालदाराने त्याला त्याच कमानीखाली अडवलं. चपला काढ आणि मागच्या दाराने जा, म्हणाला. तो चपला हातात घेऊन मागच्या दाराने गेला, जेवला आणि आला. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर दगड गोळा करायला लागला. ते जेवण त्याला आजवर पचलं नव्हतं. आणि त्याची ढेकर ती जन्मभर ऐकत आली होती.

"घरी जा," तिने मुलाला सांगितलं. "माळ्यावर आजोबांची करवत आहे, चिंधीत गुंडाळलेली. कानसही घेऊन ये."

*

करवतीला धार लावण्यात सकाळ गेली. तेवढ्यात बातमी खाली पोचली, आणि गिरणीवाला गिरणी बंद करून वर आला. बरोबर ओट्यावरची चार माणसं, आणखी दहाबारा. कुणी पालथी घालून बसायला पाटी आणली होती. कमान पडताना बघायची होती सगळ्यांना. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना ऊब मिळते.

"मी कापतो," म्हातारा म्हणाला.

"तुमचा हात लागायचा नाही."

"मी कापू का?" मुलगा म्हणाला.

"तुला सरळ कापायचं तेवढं माहीत. सरळ कापलं की भार पात्यावर बसतो आणि करवत धरून ठेवतो. तिरकं कापायचं, दोन्ही बाजूंनी, मधे पाचरीसारखा तुकडा सुटला पाहिजे. वीतभर जाईल."

वीतभर म्हणताना तिचा आवाज बदलला. वीतभर म्हणजे शेळीतून.

ती कमानीच्या बाहेर पोटावर आडवी झाली, हात आत घातले आणि डाव्या कवाडाला करवत लावली. पहिले काही हात लाकडाने ऐकलं नाही. मग भुसा पडायला लागला, आणि त्याला अजून वास होता. बापाच्या अंगणाचा तोच वास. तिच्या नाकात तो गेला आणि तिला इतका राग आला की ती भराभर ओढायला लागली. पातं शेळीच्या मानेतून गेलं. डोकं दारावर राहिलं आणि पाचही पाय खालच्या ठोकळ्यात.

म्हातारा कमानीच्या बुडाशी तळवा टेकवून उभा होता, डोळे मिटून.

"थांब," तो म्हणाला.

"का?"

"कण्हतेय."

ती थांबली. वरून चिमूटभर कच तिच्या मनगटांवर पडली. लोक पाट्यांवरून अर्धे उठले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता काप," आणि तिने कापलं. असं दुपार उलटेपर्यंत चाललं. आधी कवाडं, मग खांब. तिच्या तळव्याला फोड आले, फुटले, करवतीची मूठ ओली झाली. कोपरं सोलली. मुलाने पाणी आणून दिलं, ते तिने झोपल्या झोपल्याच प्यायलं. त्याचं थांब आणि काप यापलीकडे दोघं एक शब्द बोलली नाहीत. खरं तर कित्येक वर्षांत एकमेकांचं इतकं त्यांनी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या खांबाचा तुकडा सुटला तेव्हा चौकट बोटभर खाली बसली. वर कुठेतरी दगडाने दगड घासल्याचा लांब आवाज झाला. तिने हात ओढून घेतले.

कमान उभी राहिली.

मनातून तिला हा किल्ला पडावा असंच वाटत आलं होतं. एवढी वर्षं, रोज. आणि त्या पाट्यांवर बसलेल्यांसमोर पडू नये असंही त्या घटकेला वाटलं होतं. दोन्ही वाटणं एकाच छातीत होती आणि त्यातलं पहिलं हरलं, म्हणून तिला वाईट वाटलं.

"पुढच्या पावसात येईल खाली," गिरणीवाला पाटी उचलत म्हणाला.

"तेव्हा या," म्हातारा म्हणाला. बसून बसून पाय अवघडलेले ते लोक निराश होऊन खाली उतरले.

मुलाने आणि त्याने मिळून चौकट बाहेर काढली. दार उन्हात आडवं ठेवलं. खालून वीतभर आखूड, कडा ओरबाडलेल्या. तिने कवाडाला बोट लावलं. ते हललं, आवाज न करता.

"घरी बसवून देतो," म्हातारा म्हणाला. "खाली वीतभर फट राहील. वीट लावून बुजवतो."

"विटेने नाही." ती उठून उभी राहिली. कमरेतून कळ गेली. तिने उंच बुरुजाकडे बोट केलं. "तो दगड लावा. उंबऱ्याला."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. "ते सिंहासन आहे."

"बैठकीची जाडी वीतभर आहे. मी मघाशीच बघून ठेवली."

"दुसरा घडवतो तुला. त्याच्यापेक्षा चांगला. चार दिवसांत घडवतो."

"मी दुसरं दार मागितलं का?"

मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. म्हाताऱ्याने बुरुजाकडे पाहिलं, मग आडव्या दाराकडे, त्यावरच्या मुंडक्यापुरत्या उरलेल्या शेळीकडे. तो हो म्हणाला नाही. पहार उचलली आणि बुरुजावर चढला.

बैठक सोडवून खाली उतरवायला दोघा बापलेकांना दुसरा दिवस लागला. एकमेकांशी ते फक्त "सांभाळ" आणि "सोडा" एवढंच बोलले. घराच्या उघड्या चौकोनात त्याने तो दगड बसवला. वाईट बसवून सूड घेता आला असता, पण वाईट काम त्याच्या हाताला येत नव्हतं. दोरी धरून पातळी बघितली, ओळंबा लावला, वरून चौकट उभी केली. ती कापलेल्या ठोकळ्याच्या पाचरी पाडून पुढे करत गेली आणि तो त्या ठोकत गेला. पाच पायांचा तुकडा डाव्या खांबाजवळ आत गेला, कुणाला दिसणार नाही असा. ट्रक घेऊन मुलगा संध्याकाळच्या आत निघून गेला. जाताना दोघांच्याही पाया पडला नाही आणि कुणी ती अपेक्षाही केली नाही.

ऊन उतरलं तसा वारा सुटला. रस्त्याच्या कडेला तीच दोन कुत्री येऊन बसली होती. खाली परत आणलेल्या चुलीपाशी ती करडू घेऊन बसली. तो अवजारं धुऊन दाराशी आला आणि उंबऱ्याशी थबकला. बसवताना त्या दगडाला त्याने कापडाने पुसलं होतं, गिलाव्याचा थेंबही पडू दिला नव्हता. त्याने पाय उचलला, उंबरा ओलांडून पलीकडे टाकायला.

"ओलांडू नका," ती आतून म्हणाली. "पाय ठेवून या."

तो तसाच उभा राहिला. मग वाकला, चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी पाय पुढे केला.

"चपला घालून," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती चुलीत लाकूड सारत होती, वर बघत नव्हती. मग त्याने चपला पुन्हा पायात घातल्या, सिंहासनावर पाय ठेवला आणि समोरच्या दाराने घरात आला. तिने उठून एका बोटाने दार लावून घेतलं.